मंगळवार पेठेतलं मार्केटिंग

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडच्या एखाद्या कॅफेत कामाच्या दिवशी सकाळी जाऊन बसावं. शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या दोघा-तिघांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : "प्रॉडक्ट तयार आहे, आता फक्त मार्केटिंग बाकी आहे." त्या 'फक्त'पाशी बहुतेकांचे पैसे संपतात. कुणी नोकरीत साठवलेले, कुणी सासऱ्यांकडून घेतलेले, कुणी गुंतवणूकदाराने विश्वासाने दिलेले. सॉफ्टवेअर वाईट असतं असंही नाही. बरेचदा चांगलंच असतं. पण ते कुणी, कुणाच्या हातात, कुणाच्या शब्दावर ठेवायचं याचा विचार अगदी शेवटी सुरू होतो. मग फेसबुक-गुगलवर जाहिराती, लिंक्डइनवर रोज एक प्रेरणादायी पोस्ट, आणि 'ग्रोथ' नावाच्या पदावर ठेवलेला, धंदा कधी न पाहिलेला एक मुलगा.

साडी हातात घेऊन पोत बघता येतो. सॉफ्टवेअरचा पोत सहा महिने वापरल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे घेणारा वस्तूकडे कमी आणि देणाऱ्याकडे जास्त बघतो. नव्या कंपनीला नाव नसतं, म्हणजे बघण्यासारखं काहीच नसतं. मग पहिली शे-दोनशे गिऱ्हाइकं येतात कुठून? सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या काही कंपन्यांची सुरुवातीची वर्षं या एकाच प्रश्नासाठी उलगडून पाहिली, तर लक्षात येतं की त्यांना पहिलं गिऱ्हाईक लांब शोधावं लागलंच नव्हतं. ते दारात उभं होतं. फक्त वेगळ्या कामासाठी आलेलं होतं.

याचं आपल्याकडचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण पुण्याच्या मंगळवार पेठेतलं आहे.

कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. वडील पुण्यात फिलिप्समध्ये कामाला. दहावीनंतर कैलास कॉलेजच्या वाटेला गेले नाहीत. रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर लागले. आज कॅल्क्युलेटर बिघडला तर आपण फेकून देतो, पण ऐंशीच्या दशकात ती दुरुस्त करून घ्यायची चीज होती. बँका आणि कंपन्यांची हिशेबखाती अशा यंत्रांवर चालत, आणि यंत्र अडलं की दुकानातला पोरगा हत्यारांची पिशवी घेऊन जायचा. बँकेत त्याला चहा मिळायचा, मॅनेजर नावाने हाक मारायचा. आज ज्याला 'नेटवर्क' म्हणतात ते असं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना बांधलं जात होतं.

१९९० च्या सुमाराला पंधरा हजारांच्या भांडवलावर त्यांनी मंगळवार पेठेत लहानशा जागेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. कॅल्क्युलेटरचे दिवस भरत आले होते आणि बँकांमध्ये संगणक यायला लागले होते, हे दुरुस्तीवाल्याला इतरांच्या आधी दिसलं. ते स्वतः संगणक दुरुस्ती शिकले आणि धाकट्या भावाला, संजयला, संगणकशास्त्राकडे वळवलं. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' उभी राहिली. तेव्हा संजय मॉडर्न कॉलेजात शिकत होते आणि थोरल्याच्या दुकानातली दुरुस्तीला आलेली यंत्रं हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

त्या यंत्रांमध्ये निम्मं दुखणं तारांचं नव्हतंच. तो फ्लॉपीचा काळ. एका ऑफिसातली फ्लॉपी दुसऱ्या ऑफिसात जायची, संगणक बंद करताना ती खाचेतच राहायची, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं की फ्लॉपीवरचा व्हायरस हार्ड डिस्कच्या पहिल्याच भागात जाऊन बसायचा. 'मायकेलएंजेलो' हा त्यातला नामांकित. १९९१ मध्ये तो सापडला. वर्षभर गप्प बसायचा आणि त्याच नावाच्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, ६ मार्चला, डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. सकाळी आलेल्या कारकुनाला पडद्यावर काहीच दिसायचं नाही. खातेवह्या कागदावर ठेवणं नुकतंच बंद केलेल्या ऑफिसात याचा अर्थ काय होत असेल, हे त्या काळी हिशेबनीस असलेल्या कुणालाही विचारा.

संजय यांनी यावर उतारा लिहिला. कैलास तो दुरुस्तीला आलेल्या संगणकावर चालवायचे. इथे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी याच क्षणातून निघाल्या. गिऱ्हाईक अँटिव्हायरस घ्यायला आलेलंच नाही. 'मशिन चालत नाही' एवढीच त्याची तक्रार आहे. दुरुस्तीवाला त्याच्या देखत फ्लॉपी घालतो, दोन-चार कळा दाबतो, पडद्यावर व्हायरसचं नाव येतं, मग तो गेल्याचा निरोप येतो, मशिन सुरू होतं. याहून चांगला डेमो जगातल्या कुठल्याही जाहिरात कंपनीला बसवता येणार नाही. आणि महिनाभराने तेच मशिन वेगळा व्हायरस घेऊन परत येतं, तेव्हा दुरुस्तीवाल्याला कळतं की एकेका व्हायरसवर एकेक उतारा पुरणार नाही. सगळ्यांना एकत्र पकडणारं, वरचेवर नवं होत राहणारं काहीतरी डबीत घालून विकलं पाहिजे. बाजाराची पाहणी म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

१९९५ मध्ये डॉसवर चालणारं 'क्विक हील' विकायला आलं. किंमत सातशे रुपयांच्या घरात.

*

हीच वस्तू, त्याच्या काही वर्षं आधीपासून, अमेरिकेत अगदी वेगळ्या रीतीने खपवली जात होती. जॉन मॅकॅफी यांनी १९८७ मध्ये आपली कंपनी काढली ती कॅलिफोर्नियातल्या घरातून. तेव्हा इंटरनेट सामान्यांच्या हातात नव्हतं, पण मोडेमने फोन लावून ज्यांत शिरता येईल असे संगणकी फलक होते. मॅकॅफींनी अँटिव्हायरस तिथे ठेवून दिला : घरी वापरायचा तर खुशाल उतरवून घ्या, कंपनीत वापरायचा तर परवान्याचे पैसे भरा. हौशी मंडळींनी तो घरी वापरला, तीच मंडळी दिवसा कंपन्यांच्या संगणक विभागांत बसत होती, आणि तिथून परवान्यांचे धनादेश येऊ लागले. दुकान नाही, खोका नाही, विक्रेता नाही.

१९९२ च्या ६ मार्चच्या आधी मॅकॅफींनी वृत्तपत्रांना सांगितलं की जगभरात पन्नास लाखांपर्यंत संगणक मायकेलएंजेलोला बळी पडू शकतील. प्रत्यक्षात काही हजार पडले. पण तोवर दुकानांतले अँटिव्हायरस संपले होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या कंपनीचे शेअर बाजारात आले. भीती विकणं हे मार्केटिंगच असतं आणि ते चालतंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. मला ते आवडत नाही. मंगळवार पेठेत भीती घालायची गरज पडली नाही, कारण बिघडलेलं यंत्र टेबलावरच होतं.

मॅकॅफींची रीत पुण्यात चालली नसती. इथे मोडेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सॉफ्टवेअरला पैसे द्यायचे असतात हीच कल्पना नवी. हार्डवेअर विकणारा विंडोज फुकट टाकून देतो, मग अँटिव्हायरसला सातशे का द्यायचे? काटकर बंधूंची नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं कष्टात गेली, आणि हे सगळं बंद करावं का असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेल्याचं त्यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. दुरुस्तीच्या टेबलावरून पोचता येतील तेवढी गिऱ्हाइकं संपली होती. पुढची गिऱ्हाइकं ओळखीची नव्हती.

मार्ग निघाला तो विक्रीतला अनुभवी माणूस आल्यावर आणि गावोगावच्या संगणक विक्रेत्यांचं जाळं विणायला घेतल्यावर. वरवर पाहता ही साधी वितरणाची व्यवस्था वाटेल. पण विक्रेता कोण होता हे बघा. तालुक्याच्या गावात सुटे भाग आणून संगणक जोडून देणारा तरुण : एखादा आयटीआय झालेला, एखादा डिप्लोमा अर्धवट सोडलेला. शाळेचा, डॉक्टरांचा, पतसंस्थेचा संगणक बिघडला की फोन त्यालाच. म्हणजे १९८५ मधला कैलास काटकरच, फक्त दुसऱ्या गावातला. तो सांगेल ते लोक घेणार, कारण उद्या मशिन बसलं तर यायचं त्यालाच आहे. त्याला मार्जिन मिळालं, दर वर्षी नूतनीकरणाचं निमित्त मिळालं आणि व्हायरस गेला नाही तर पुण्याला फोन करून मराठीत बोलता आलं. परदेशी कंपन्यांकडे यातलं तिसरं नव्हतं. पुण्याबाहेरची पहिली शाखा २००३ मध्ये नाशिकला निघाली, बंगळुरूला नाही. २००७ मध्ये कंपनीने उत्पादनाचंच नाव घेतलं, २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने साठ कोटी रुपये गुंतवले. म्हणजे बाहेरचं मोठं भांडवल आलं ते पहिलं खोकं विकल्यानंतर पंधरा वर्षांनी.

*

असंच दुकान नसलेल्या माणसाने काय करावं? स्कॉट कुक यांच्याकडे दुरुस्तीचं टेबल नव्हतं. घरची बिलं भरताना बायको वैतागते हे त्यांनी पाहिलं आणि १९८३ मध्ये टॉम प्रू या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याला हाताशी धरून 'इंट्यूट' काढली. चेकबुकचा हिशेब ठेवणारं 'क्विकन' हे त्यांचं पहिलं उत्पादन. भांडवलदारांनी दारं लावली, दुकानदार माल ठेवीनात. मग बँकांमार्फत विकायचा प्रयत्न, पगार थकले, आणि शेवटी १९८६ मध्ये होतं नव्हतं ते मासिकांतल्या जाहिरातीत ओतलं. ती लागू पडली. कंपनी वाचली. एवढंच वाचून अनेक जण निष्कर्ष काढतात की शेवटी जाहिरातच कामाला आली.

पण जाहिरात लागू पडली कारण तिच्यात काय लिहायचं हे कुक यांना आधीच कळलं होतं. विक्रीच्या आधी त्यांनी घराघरांत फोन करून बिलं कशी भरता हे विचारलं होतं. पालो आल्टोतल्या महिला मंडळातल्या बायकांना संगणकापुढे बसवून, हातात घड्याळ धरून, पहिला चेक छापायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. पुढे कंपनी सावरल्यावर त्यांनी आणखी एक प्रकार सुरू केला. इंट्यूटचा माणूस दुकानात उभा राहायचा, कुणी क्विकनचं खोकं घेतलं की त्याला विनंती करायचा, 'तुमच्याबरोबर घरी येऊ का? तुम्ही हे कसं बसवता ते फक्त बघायचंय.' आणि लोक घरी नेत. मागे खुर्ची टाकून बसायचं, तोंड उघडायचं नाही, गिऱ्हाईक कुठे अडखळतं ते टिपून घ्यायचं.

त्यातूनच कळलं की घरखर्चासाठी केलेलं हे सॉफ्टवेअर घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्यावर आपल्या छोट्या धंद्याचा हिशेब ठेवत होते. हिशेबाच्या पक्क्या सॉफ्टवेअरमधलं जमा-नावे त्यांना समजत नव्हतं, चेकबुक समजत होतं. या शोधातून १९९२ मध्ये 'क्विकबुक्स' आलं, आणि पुढे ते क्विकनपेक्षा कितीतरी मोठं झालं. जाहिरात विभागाने हे कधीच शोधून काढलं नसतं.

आपल्याकडे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा इतिहास टॅलीपाशी सुरू होतो. श्याम सुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्यासाठी हिशेबाचं सोयीचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिलं; १९८६ साली बंगळुरूत कंपनी सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक घरातच. पण टॅली तालुक्या-तालुक्यात पोचली ती क्लासमुळे असं मला वाटतं. बारावी कॉमर्स झालेली मुलगी तीन महिने टॅली शिकते, अडत दुकानात कामाला लागते, आणि त्या दुकानात दुसरं कुठलं सॉफ्टवेअर शिरायचा प्रश्नच उरत नाही. मालकाने काय घ्यायचं हे तिच्या बोटांनी ठरवलेलं असतं. आजही कुणी हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घेऊन बाजारात उतरतो तेव्हा त्याची गाठ टॅलीशी कमी आणि त्या मुलीशी जास्त असते. आणि डेमो मात्र तो मालकाला देत बसतो. (जाता जाता : मराठी छपाईच्या दुनियेत हेच श्री-लिपी या टंकांच्या सॉफ्टवेअरचं झालं. प्रेसमधल्या डीटीपी ऑपरेटरचा हात ज्यावर बसला, त्यातच वर्षानुवर्षं दिवाळी अंक लागले.)

*

इंटरनेट आल्यावर हे सगळं बदललं असं म्हणायची पद्धत आहे. थोडं बदललं. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केली तेव्हा त्यांचे गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी सुचवलं की जाणाऱ्या प्रत्येक ईमेलच्या तळाशी 'तुम्हीही फुकट ईमेल घ्या' अशी ओळ घाला. भाटियांना ते आगाऊपणाचं वाटलं, पण अखेर ओळ गेली. दीड वर्षात सव्वा कोटीच्या आसपास लोक हॉटमेलवर आले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती सुमारे चाळीस कोटी डॉलरना घेतली. त्या ओळीचं कौतुक खूप झालं. पण ती ओळ कुणाच्या पत्राखाली येत होती? मित्राच्या, बहिणीच्या, अमेरिकेत गेलेल्या मुलाच्या. पत्र वाचणाऱ्याचा विश्वास त्या माणसावर होता, हॉटमेलचं नाव त्याने ऐकलंही नव्हतं. तालुक्याच्या गावातला तो संगणक जोडणारा तरुण इथे प्रत्येक वापरणाऱ्याच्या रूपाने उभा होता.

ड्रॉपबॉक्सची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिचे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी आपले फसलेले आकडेही जाहीरपणे मांडले. सगळे करतात म्हणून त्यांनी गुगलवर जाहिराती दिल्या. वर्षाला नव्व्याण्णव डॉलरची सेवा, आणि एक गिऱ्हाईक मिळवायला खर्च येत होता २३३ ते ३८८ डॉलर. चूक जाहिरातीच्या शब्दांत नव्हती. 'माझ्या सगळ्या संगणकांवर एकच फोल्डर असावं' असं कुणी गुगलवर शोधतच नव्हतं, कारण अशी काही सोय असू शकते हेच लोकांना ठाऊक नव्हतं. जे कुणी मागत नाही त्याची जाहिरात शोधयंत्रावर करून काय होणार?

लागू पडलं ते दुसरंच. सॉफ्टवेअर अजून सगळ्यांसाठी खुलं नव्हतं तेव्हा, २००८ च्या मार्चमध्ये, ह्यूस्टन यांनी स्वतः बोलून एक छोटी चित्रफीत केली. त्यात तांत्रिक मंडळींनाच कळतील असे आतले विनोद पेरले होते. प्रतीक्षा यादी एका रात्रीत पाच हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर गेली. पुढे मित्राला आणा, दोघांनाही फायली ठेवायला जास्तीची जागा मिळेल अशी योजना निघाली. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले वापरकर्ते जानेवारी २०१० मध्ये चाळीस लाख झाले. आपल्याकडे या योजनेची नक्कल शेकडो अ‍ॅपनी केली, रोख रक्कम वाटून. पैसे घेऊन लोक निघून गेले. ड्रॉपबॉक्सने वाटली होती ती जागा, म्हणजे ज्याला ती सेवा वापरायचीच आहे त्यालाच उपयोगी पडेल अशी गोष्ट.

याच काळातली स्ट्राइप ही पैसे स्वीकारण्याची सोय देणारी कंपनी. तिचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन यांच्याबद्दल नव्या कंपन्यांत पैसे घालणारे पॉल ग्रॅहम यांनी २०१३ मधल्या एका लेखात लिहिलं आहे : कुणी 'वापरून बघतो' म्हणालं की हे दोघे दुवा पाठवतो असं म्हणत नसत, लॅपटॉप मागून घेत आणि जागच्या जागी सगळं जोडून देत. मला हे वाचताना हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बँकेत जाणारा पोरगाच दिसला.

*

आता आजचं, आपल्याकडचं उदाहरण : फलटण तालुक्यातलं एक कृषी सेवा केंद्र. माझ्याबरोबर आलेला तरुण खत-औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही. पुण्यातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्याने हे सुरू केलं, आणि सुरुवातीला जाहिरातीवर बरेच पैसे घालवले. फॉर्म भरणारे पुष्कळ आले. त्यांतले निम्मे विद्यार्थी, काही प्रतिस्पर्धी, आणि उरलेले 'फुकट आहे का?' विचारणारे. तेव्हापासून तो आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर असतो.

दुकानदाराला तो आबा म्हणतो. आबा खताच्या पोत्यांना टेकून बसलेले. समोर एक पॉस यंत्र, कारण अनुदानाचं खत विकताना आधार क्रमांकावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो. बाजूला एक लालपट्टीची वही. आणि आत, काचेमागे, पुतण्याचा संगणक. खताला पाच टक्के जीएसटी, कीटकनाशकाला अठरा. औषधाच्या बिलावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लागते, साठा नोंदवही वेगळी, कृषी खात्याचा माणूस कधीही तपासायला येतो. सॉफ्टवेअर हे सगळं नीट करत होतं. तरुणाने ते दाखवलं, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी काढली. आबांनी मान हलवली.

मग त्यांनी उधारीचं पान उघडायला सांगितलं. पडद्यावर निम्मी नावं लाल.

"हे लाल कशापायी?"

"तीस दिवस होऊन गेले आबा. थकबाकी."

आबा हसले. "तीस दिवसांत कोण देतंय रं? आडसाली ऊस लावलाय त्यानं. कारखान्याचं बिल आलं की पहिला हितं येतोय. ह्येला लाल केलं आन् त्याच्या पोरानं बघितलं, तर उद्यापास्नं पलीकडच्या दुकानात जाईल." वहीचं पान त्यांनी बोटाने ठोकलं. तिथे नावापुढे तारीख नव्हती. 'ऊस बिल', 'कांदा', 'दूध पगार', 'लेकीचं लग्न झाल्यावर' असं लिहिलेलं होतं.

तरुणाने वहीच्या पानाचा फोटो घेतला. त्या रात्री त्याने काय केलं हे मी पाहिलेलं नाही, पण पुढच्या खेपेला दाखवलेल्या आवृत्तीत उधारीला तारखेऐवजी पीक किंवा कारण निवडता येत होतं, आणि कारखान्याने बिल काढलं की तेवढीच नावं वर येत होती. आबांनी वर्षाचे पैसे दिले, घासाघीस करून. शिवाय तालुक्यातल्या निविष्ठा विक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वतःच्या आवाजात एक निरोप टाकला. तरुणाने जाहिरातीवर घालवलेल्या सगळ्या पैशांनी जे झालं नव्हतं ते त्या निरोपाने झालं : चार दुकानदारांनी स्वतःहून फोन केला. सगळं सुटलं असं मात्र नाही. पॉस यंत्रावरची नोंद वेगळी आणि दुकानातलं बिल वेगळं, दोनदा टंकावं लागतं, ही पुतण्याची तक्रार तशीच आहे. सरकारी यंत्रणेशी जोडणी करून देणं त्याच्या हातात नाही, आणि तसं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

'हे किती दिवस करणार? असं दुकान-दुकान फिरून कंपनी मोठी होते का?' असं त्याला एका गुंतवणूकदाराने विचारलं म्हणे. प्रश्न चूक नाही. फिरून कंपनी मोठी होत नाही. पण 'ऊस बिल' हा पर्याय कॅफेत बसून सुचत नाही, आणि तो नसलेलं सॉफ्टवेअर कितीही मोठ्या भांडवलाने फलटणमध्ये खपत नाही. शिवाय आबांसारखे कोणाकोणाचे आवाज चालतात हे एकदा कळलं की पुढे पगारी माणसं त्यांच्याकडे पाठवता येतात. आधी पाठवली तर ती दुकानदाराला तीस दिवसांचा नियम समजावून सांगत बसतील. विक्रीसाठी पहिला माणूस नेमण्याआधी संस्थापकाने स्वतः निदान एवढी विक्री करावी की गिऱ्हाईक 'नाही' का म्हणतं याची यादी त्याच्या डोक्यात तयार असावी. हे काम बाहेर देता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फुकट देण्याबद्दलही बोलायला हवं. मॅकॅफी, हॉटमेल, ड्रॉपबॉक्स यांच्या कथा ऐकून इथले तरुण पहिलं वर्ष सगळ्यांना फुकट देतात. त्या कंपन्यांत फुकट वापरणारा माणूसच पुढे पैसे देणारा आणत होता. कृषी सेवा केंद्रातला फुकट्या कुणालाही आणत नाही. तो वापरतही नाही. पैसे मोजलेला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फोन करून शिव्या घालतो, आणि त्या शिव्यांमधूनच पुढची आवृत्ती होते. काटकरांनी सातशे रुपये घेतले. फुकट दिलं असतं तर नव्वदच्या दशकात खपही वाढला असता कदाचित, पण गावोगावच्या विक्रेत्याला मार्जिन कशातून मिळालं असतं?

क्विक हीलची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय थांबणं बरोबर नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे शेअर ३२१ रुपयांना बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्याखाली घसरले. तोवर विंडोजमध्येच अँटिव्हायरस फुकट यायला लागला होता, लोकांचं अर्धं काम फोनवर गेलं होतं, आणि संगणक जोडून देणारा तरुण मोबाइलच्या धंद्यात शिरला होता. ज्या हातांवर कंपनी उभी राहिली ते हातच दुसरीकडे गेले. कंपनीला मोठ्या उद्योगांकडे 'सेक्राइट' या वेगळ्या नावाने जावं लागलं, आणि तिथे विश्वास नव्याने कमवावा लागतो.

वाचकांमध्ये दुकानदार असतील, सीए असतील, डॉक्टर, पतसंस्थेचे संचालक, सोसायटीचे चिटणीस असतील. सॉफ्टवेअर दाखवायला म्हणून कुणी तरुण दारात येईल, तेव्हा त्याला अर्धा तास द्या. तुमची वही त्याच्यापुढे उघडा, काय खटकतं ते तोंडावर सांगा. घासाघीस करा, हवी तेवढी. पण फुकट मागू नका.